कुऱ्हाडीचा दांडा : साग, साम्राज्य आणि ऐतिहासिक कादंबरी

शालेय पुस्तकांत १६ एप्रिल १८५३ ही तारीख हमखास भेटते. त्या दिवशी बोरीबंदरहून सुटलेली हिंदुस्थानातील पहिली प्रवासी गाडी सुमारे ३४ किलोमीटरचे अंतर तोडून ठाण्याला पोचली. ‘साहिब’, ‘सिंध’ आणि ‘सुलतान’ ही तिच्या तीन इंजिनांची नावेदेखील आपल्या विद्यार्थ्यांना मुखोद्गत असतात. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, लोहमार्ग खाडी ओलांडून कल्याणला आला. १८६३ साली बोरघाट सर झाला, १८६५ साली थळघाट. ज्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात आपण राहतो, शिकतो, नोकरीसाठी ये-जा करतो, तो पट्टाच मुळी या रुळांच्या कडेने वाढला. तेव्हा या इतिहासाचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वर्गात एक प्रश्न फारसा विचारला जात नाही, तो येथे विचारावयाचा आहे : रुळांखाली आडवी टाकलेली लाकडे कोठून आली, आणि ती कोणी तोडली?

त्या लाकडांना आपण स्लीपर म्हणतो. आज ते सिमेंट-काँक्रीटचे असतात, त्यामुळे नव्या पिढीच्या डोळ्यांसमोर लाकडी स्लीपर येणारही नाही. एक मैल रुळांना असे सुमारे १,८०० ते २,००० स्लीपर लागत. युरोपातून आणलेले मऊ लाकूड येथील पावसापुढे आणि वाळवीपुढे फार टिकत नसे. टिकत ते साग, साल आणि देवदार. तेही काही वर्षांनी बदलावेच लागत. एकोणिसावे शतक संपेपर्यंत देशात सुमारे ४० हजार किलोमीटर लोहमार्ग झाला होता. वाचकांनी गुणाकार स्वतःच करून पाहावा. पूल आणि बोगदे यांच्यासाठी लागणाऱ्या विटांच्या व चुन्याच्या भट्ट्यांचे सरपण या हिशेबात अजून धरलेलेच नाही.

सरकारी दप्तरात या लाकडाची नोंद घनफुटांत सापडते आणि ठेक्याची रुपयांत. तोडणाऱ्याचे नाव तेथे नसते. झाड ज्यांच्या सरपणाचे, चाऱ्याचे, देवाचे होते, त्यांचे म्हणणे नसते. दप्तरात जेथे गप्पता आहे, तेथे ऐतिहासिक कादंबरी बोलू शकते. मात्र तिचे बोलणे दप्तराशी ताडून पाहावे लागते. या दोन्ही गोष्टी एकत्र कशा कराव्यात, याचा एक पाठ म्हणून आम्ही अमिताव घोष यांची ‘द ग्लास पॅलेस’ ही २००० साली प्रसिद्ध झालेली इंग्रजी कादंबरी निवडली आहे. ती ब्रह्मदेशाविषयी, म्हणजे आजच्या म्यानमारविषयी आहे. पण तिचे एक टोक कोकणात रत्नागिरीला आहे, दुसरे मुंबईच्या एका व्यापारी कंपनीत आहे, आणि तिच्यातील सागाची वाट थेट आपल्या ठाणे जिल्ह्याच्या जंगलापर्यंत येते.

मंडालेची तोफ आणि मुंबईची कंपनी

कादंबरीची सुरुवात १८८५ साली मंडाले शहरात होते. राजकुमार नावाचा अकरा वर्षांचा एक अनाथ हिंदी मुलगा दूरवर तोफेचा आवाज ऐकतो. बाजारातल्या लोकांना तो आवाज कशाचा हे कळत नाही. त्या पोराला कळते. इंग्रजांचे सैन्य इरावती नदीतून वर येत असते.

हे युद्ध का झाले, याचे उत्तर कादंबरीत आहे आणि इतिहासातही आहे. १८६३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने ब्रह्मी राजाकडून सागवनांचे ठेके घेतले होते. कंपनीने प्रत्यक्षात नेलेल्या ओंडक्यांपेक्षा कमी ओंडक्यांचे पैसे भरले, असा आरोप ठेवून राजाच्या मंत्रिमंडळाने तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. इंग्रज सरकारला वर ब्रह्मदेशात फ्रेंचांचा शिरकाव होण्याचीही धास्ती होती. दंडाच्या निमित्ताने ऑक्टोबर १८८५ मध्ये निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबरमध्ये सैन्य निघाले, २८ तारखेला मंडाले पडले आणि १ जानेवारी १८८६ रोजी ते राज्य खालसा झाल्याचे जाहीर करण्यात आले. ओंडक्यांच्या मोजणीवरून सुरू झालेला वाद एका देशाच्या स्वातंत्र्यावर जाऊन थांबला. पराभूत राजा थिबा, राणी सुपयालत आणि त्यांच्या मुली यांना आधी मद्रासला आणि मग १८८६ साली रत्नागिरीला आणून ठेवण्यात आले. तेथेच १९१६ साली थिबा मरण पावला. मंडालेचा राजा रत्नागिरीत बंदी असतानाच रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ या काळात मंडालेच्या तुरुंगात होते, हा योगायोग मराठी वाचकाला ठाऊक असतोच.

आपल्यासारख्या बौद्ध वाचकांना या राजघराण्याविषयी एक वेगळी जवळीक वाटते, तीही सांगितली पाहिजे. थिबाचे वडील राजा मिंडोन यांनी १८७१ साली मंडालेत पाचवी धम्मसंगीती भरविली आणि संपूर्ण तिपिटक ७२९ संगमरवरी शिलांवर कोरून घेतले. पूज्य बाबासाहेब डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्यांच्याकडून त्यांनी दीक्षा घेतली, ते भदंत चंद्रमणी महास्थविर जन्माने ब्रह्मदेशचेच.

पण जवळिकीमुळे डोळे मिटून चालत नाही, आणि कादंबरीकाराने ते मिटलेले नाहीत. थिबाच्या दरबारात गादीच्या आप्तांची कत्तल झाली होती, राजवाड्यात लहान वयात आणलेल्या दासी होत्या. कादंबरीतील डॉली ही अशीच एक दासी. आणि साग? ब्रह्मदेशात सागाचे झाड राजाचेच मानले जाई. जंगलाचा ठेका कंपनीला देणारा राजा बौद्ध होता. विनयपिटकात भिक्षूंसाठी पाचित्तिय नियम आहे, सजीव वनस्पती तोडू नये असा. आळवी येथील भिक्षूंनी बांधकामासाठी झाडे तोडली, तेव्हा झाडावरच्या देवतेने तथागतांकडे दाद मागितली आणि लोकांनीही भिक्षूंना दोष दिला, अशी त्या नियमामागची कथा आहे. मिंडोनच्या शिलांवर हा नियमही कोरलेला आहेच. राजाच्या खजिन्याला मात्र साग हवा होता.

ओंडक्यामागचा माणूस

कादंबरीतील सागवनाची प्रकरणे आमच्या मते सर्वांत मोलाची आहेत. उभ्या सागाच्या बुंध्याभोवती साल आणि खालचे लाकूड कापून एक कडे काढतात. झाडाचे पोषण तुटते आणि ते उभ्याउभ्याच वाळत जाते, दोन-तीन वर्षे. असे का, तर ओला साग पाण्यात बुडतो, वाळलेला तरंगतो. मग तो पाडायचा, हत्तींकडून ओढ्यापर्यंत ओढवायचा, पावसाची वाट पाहायची आणि पुराबरोबर नदीत सोडून द्यायचा. तेथून तराफ्यांनी शेकडो मैलांवरच्या रंगूनला. जंगलाचा अधिकारी म्हणजे विशीतला एखादा इंग्रज पोरगा, हिवतापाने पोखरलेला. त्याच्या हाताखाली माहूत, मजूर आणि रसद पुरविणारे हिंदी व चिनी दलाल. हे सारे घोष इतक्या तपशिलाने सांगतात की जंगलतोड हा शब्द आपल्या मनात पहिल्यांदाच कृती म्हणून उभा राहतो. झाड मरायला दोन-तीन वर्षे लागतात आणि त्याला मरताना पाहणारे कोणी तरी तेथे असते, हे आकड्यांवरून कळत नाही.

कथेचा नायक म्हणावा असा राजकुमार कोण होतो, ते आता पाहू. तो आधी रसद पोचविणारा पोऱ्या असतो. मग भांडवल जमविण्यासाठी हिंदुस्थानातून गरीब मजुरांची भरती करून ब्रह्मदेशात नेतो. त्या पैशातून सागाची वखार काढतो, आणि त्याचे नशीब उघडते ते रेल्वेला सागाचे स्लीपर पुरविण्याच्या ठेक्याने! पुढे तो मलायात रबराच्या मळ्यात भागीदार होतो. रबराचा मळा म्हणजे मूळचे जंगल साफ करून एकाच जातीच्या झाडांच्या ओळी. त्यांत राबणारी माणसे दक्षिण हिंदुस्थानातून आणलेली. त्या मळ्यातल्या एका मजूर स्त्रीवर राजकुमारने केलेला अत्याचारही लेखकाने लपविलेला नाही. ज्याला आपण पहिल्या पानापासून जीव लावला, तोच हे करतो. वाचताना आम्हाला येथे थांबावे लागले.

मराठीत म्हण आहे : कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. कुऱ्हाडीचे पाते लोखंडाचे, पण दांडा लाकडाचा, त्याच रानातला. दांड्यावाचून पाते काही तोडू शकत नाही. ‘द ग्लास पॅलेस’चे मोठेपण आम्हाला या ठिकाणी दिसते. साम्राज्याचे पाते लंडनमध्ये घडले, परंतु मंडालेवर चालून गेलेले बहुसंख्य शिपाई हिंदी होते. सागाचे ठेकेदार, मजुरांचे मुकादम, कचेरीतले कारकून हिंदी होते. रत्नागिरीत थिबावर देखरेख ठेवणारा कादंबरीतला कलेक्टरही हिंदीच आहे, आणि आपण राज्यकर्त्यांच्या किती जवळ आहोत या भ्रमातच त्याचा शेवट होतो. त्याची पत्नी उमा पुढे स्वातंत्र्य-चळवळीत जाते. राजकुमारशी तिचे जे कडाक्याचे भांडण होते, ते याच मुद्द्यावर. महायुद्धात जपानी बॉम्ब पडतात तेव्हा राजकुमारने सारी पुंजी सागात गुंतविलेली असते. वखारीतला ओंडक्यांचा ढीग कोसळून त्याचा मुलगा त्याखाली मरतो. ही घटना अधिक नाट्यमय वाटते, हे मान्य. आमच्यातील काहींना ती जुळवून आणल्यासारखीही वाटली. पण खोटी वाटली नाही.

या कादंबरीला राष्ट्रकुल लेखक पुरस्काराचा प्रादेशिक सन्मान मिळाला, तेव्हा घोष यांनी २००१ साली ती स्पर्धेतून मागे घेतली. जुन्या साम्राज्याच्या नावाने चालणाऱ्या चौकटीत आपले पुस्तक बसवून घेणे त्यांना पटले नाही.

पेगूहून ठाण्याकडे

आता दप्तराकडे वळू. १८५२ च्या युद्धानंतर खालचा ब्रह्मदेश, म्हणजे पेगूचा प्रांत, इंग्रजांकडे आधीच आला होता. तेथील सागवनांची व्यवस्था पाहण्यासाठी १८५६ साली डिट्रिक ब्रांडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. किती झाडे उभी आहेत, किती तोडता येतील, किती नव्याने वाढतील याची शास्त्रीय मोजदाद त्यांनी तेथे बसविली. हेच ब्रांडिस १८६४ साली हिंदुस्थान सरकारच्या नव्या जंगलखात्याचे पहिले प्रमुख झाले. १८६५ साली पहिला जंगल कायदा आला, १८७८ साली दुसरा आणि अधिक कडक. राखीव जंगल, संरक्षित जंगल हे आपल्या बोलण्यात रुळलेले शब्द या कायद्याचे.

ब्रांडिस यांना खलनायक करण्याची आमची इच्छा नाही. रेल्वेच्या ठेकेदारांनी चालविलेली बेबंद तोड पाहूनच जंगलाला राखण हवी असे त्यांना वाटले, आणि गावांसाठी काही वने ठेवावीत असेही त्यांचे मत होते. राखण झाली हे खरे. प्रश्न राखण कोणासाठी झाली हा आहे.

ठाणे जिल्ह्यात हा प्रश्न एका शब्दावर येऊन ठेपला : राब. आपल्या वसतिगृहात मुरबाड-शहापूरकडून येणाऱ्या मुलांना तो समजावून सांगावा लागत नाही. शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो. भाताची रोपे तयार करण्यापूर्वी, उन्हाळ्यात, त्या तुकड्यावर झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत, शेण यांचे थर पसरून वर मातीचा थर देतात आणि ते सावकाश भाजतात. या राखेवर रोप जोमाने उगवते. ऐन, किंजळ अशा झाडांच्या फांद्या त्यासाठी दरवर्षी छाटल्या जात. झाड मुळासकट तोडले जात नसे. जंगलखात्याच्या दृष्टीने मात्र हे झाडांचे विद्रूपीकरण होते. छाटणीवर बंधने आली, गुरांच्या चराईवर आली, सरपणावर आली. खटले, दंड आणि रखवालदाराला द्यावी लागणारी चिरीमिरी यांनी कुळे जेरीस आली. असंतोष एवढा वाढला की मुंबई सरकारला १८८५ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी जंगल-चौकशी आयोग नेमावा लागला. १८८७ साली त्याचा अहवाल आला. वर्ष पुन्हा पाहावे. ज्या १८८५ साली मंडालेच्या सागासाठी आगबोटी निघाल्या, त्याच साली आपल्या जिल्ह्यातील शेतकरी फांद्यांसाठी साक्षी-पुरावे देण्याच्या तयारीत होते.

आणि त्याच्या दोन वर्षे आधी, १८८३ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. गोऱ्या अंमलदारांनी डोंगर, टेकड्या, दऱ्याखोरी आणि गायरानेसुद्धा जंगलात घालून गरिबांच्या शेरडांना रानाचा वाराही मिळेनासा केला, हा त्यांचा आरोप त्या पुस्तकात आहे. खुद्द जोतीराव सरकारी बांधकामांचे ठेके घेत असत. नव्या राज्याची यंत्रे कशी चालतात हे त्यांना आतून ठाऊक होते. म्हणूनच त्यांचा असूड एकाच पाठीवर पडत नाही : गोरा अंमलदार, त्याच्या आडून कमावणारा देशी कामगार आणि शेतकऱ्याला अज्ञानात ठेवणारी धर्मसत्ता, तिघांनाही तो बसतो. दांडा आणि पाते या दोहोंकडे एकाच वेळी पाहणारा असा ग्रंथ आपल्याकडे त्या काळात दुसरा आम्हाला दिसत नाही.

शेतकरी निदान साक्ष देऊ शकला. ज्यांच्याकडे सातबाऱ्यासारखा कोणताच कागद नव्हता त्यांचे काय झाले? कातकरी हे नावच कातावरून आले आहे. खैराच्या गाभ्याचे तुकडे मडक्यात उकळून, तो रस आटवून ते विड्याचा कात तयार करीत. वर्षातला काही काळ डोंगरउतारावर दळी, म्हणजे फिरती शेती. खैर राखीव झाला, दळीवर बंदी आली. मग तेच कातकरी ठेकेदारांसाठी कोळसा पाडू लागले. मुंबईच्या चुली त्या कोळशावर पेटत. आगाऊ उचल घेऊन हंगामभर राबायचे, हिशेबाच्या वेळी पुन्हा देणे निघायचे. आज कल्याण-भिवंडीच्या आसपास वीटभट्ट्यांवर जी कुटुंबे दिसतात त्यांच्यात कातकरी मोठ्या संख्येने असतात, आणि उचलीची रीतही तीच. १८९२ साली शहापूर तालुक्यात तानसा धरण पुरे झाले, तेव्हा त्याच रानातले पाणीही मुंबईला जाऊ लागले. रेल्वे, लाकूड, कोळसा, पाणी : एकाच दिशेने उतार होता.

आपली कादंबरी कोठे आहे?

हे सगळे मराठी ऐतिहासिक कादंबरीत शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. हरिभाऊ आपट्यांच्या ‘उषःकाल’पासून रणजित देसाईंच्या ‘स्वामी’पर्यंत आपली ऐतिहासिक कादंबरी गड, दरबार आणि रणांगण यांत रमली. तिच्यात रान येते ते छाप्यासाठी, दबा धरण्यासाठी. बंगालीत महाश्वेता देवी यांनी १९७७ साली ‘अरण्येर अधिकार’ लिहून बिरसा मुंडाच्या उठावाला कादंबरीचे रूप दिले. १९७९ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठीत विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ने (१९९१) धरणग्रस्तांची व्यथा मांडली, पण ती स्वातंत्र्यानंतरच्या काळाची. ठाण्याच्या रानाविषयी आपल्याकडे जे सर्वांत मोठे पुस्तक आहे ते कादंबरी नाहीच. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हे अनुभवकथन आहे. जानेवारी १९४५ मध्ये आपल्या शेजारच्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, आणि त्याच वर्षी तलासरी-डहाणू-उंबरगाव भागातील वारल्यांनी वेठबिगारी आणि लग्नगडी पद्धत झुगारून दिली. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघांनीही सावकाराच्या घरी जन्मभर राबायचे, ही ती पद्धत. वारल्यांना राबविणारे जमीनदार आणि जंगल-ठेकेदार देशीच होते.

येथे आम्हाला आपल्या समाजापुरता एक अवघड मुद्दा मांडावयाचा आहे. वसाहतवादाविषयीच्या लेखनात पुष्कळदा असा सूर लागतो की इंग्रज येण्यापूर्वी गाव आणि रान सुखाने नांदत होते. हा सूर आपल्याला लावता येत नाही. जुन्या गावात आपल्या पूर्वजांच्या वाट्याला काय होते हे आपण जाणतो. अंमलदाराच्या मुक्कामी लाकूडफाटा वाहून नेणे हेसुद्धा वतनी कामातच मोडत असे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी गावाच्या गोडव्याला स्पष्ट नकार दिला, तो याच अनुभवातून. उलट, इंग्रजी पलटणीत सुभेदार रामजी आंबेडकर शिकले आणि शिक्षक झाले. गोदी, गिरणी आणि रेल्वे यांनी कोकणातल्या कित्येक घरांना गावकीच्या जाचातून बाहेर काढले. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांचे आजे-पणजे रुळांवर गँगमन होते. ज्या यंत्राने रान ओरबाडले, त्याच यंत्राने आपल्याला वाट दिली. यांतले कोणतेही एक विधान खोडून दुसरे खरे ठरत नाही.

मग आपले पूर्वजही दांडाच होते काय? राजकुमारच्या अर्थाने नाही. ठेक्याचा नफा त्यांच्या हाती कधी आला नाही. कादंबरीत राजकुमारला सांभाळणारा साया जॉन त्याला हिंदी शिपायांविषयी सांगतो : ही शेतकऱ्यांची पोरे, थोडक्या आण्यांसाठी परक्याच्या हुकमाने परक्याला मारणारी. तो तिरस्काराने बोलत नाही, पण माफही करीत नाही. आम्हाला त्याहून थोडे पुढे जावेसे वाटते. ज्याला गावात पाणवठा नाही, देवळात पाऊल नाही, शेतात वाटा नाही, त्याने पलटणीचा किंवा गँगचा हुकूम पत्करला तर त्याच्या निवडीचा हिशेब वखारवाल्याच्या निवडीबरोबर मांडता येणार नाही. तरीही हिशेब मांडायचाच नाही, असे नाही. विशेषतः आज, जेव्हा आपल्यातील काही जण बांधकाम, खडी-वाळू आणि मजूर-पुरवठा यांच्या धंद्यात स्थिरावले आहेत, आणि उल्हास व वालधुनीच्या पाण्याचा रंग आपण रोज गाडीच्या खिडकीतून पाहतो. डोंबिवलीच्या औद्योगिक पट्ट्यातील रस्ता २०२० साली गुलाबी झाला, तेव्हा दोष द्यायला कोणी गोरा साहेब शिल्लक नव्हता.

‘द ग्लास पॅलेस’ला एक मर्यादा आहे, तीही विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून दिली पाहिजे. तिच्यातील माणसे बहुधा मालक होतात किंवा मालकांच्या घरात वावरतात. माहूत, मजूर, मळेकरी यांच्याबद्दल सहानुभूती भरपूर आहे, पण कथा त्यांच्या झोपडीत फार वेळ मुक्काम करीत नाही. सागाचे झाड डोळ्यांसमोर उभे राहते, त्याला कडे पाडणारा हात क्षणभरच दिसतो. रत्नागिरीत थिबाची एक नात शेवटपर्यंत राहिली, मराठी बोलत, अतिशय गरिबीत. तिच्या शेजारपाजाऱ्यांच्या नजरेतून लिहिलेली कादंबरी निराळी झाली असती.

तशी कादंबरी आपल्या भागाविषयी लिहिली जायची आहे. साहित्य कमी नाही. जिल्ह्याचे १८८२ चे गॅझेटियर आहे, आयोगाचा अहवाल आहे, आणि मुरबाड-शहापूरच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी राब, दळी, उचल हे शब्द अजून जिवंत आहेत. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी हे काम हाती घेणार असेल तर त्याने आधी सुट्टीत गावी जाऊन हे शब्द लिहून आणावेत, त्या शब्दांमागची कामे पाहून घ्यावीत. सुरुवात कोठून करावी हे आम्ही सुचवू शकतो. वैशाखातली एक सकाळ, साल १८८० च्या आसपासचे. राबासाठी ऐनाच्या चार फांद्या छाटल्या म्हणून रखवालदाराने एका ठाकराला धरले आहे, कोयता जप्त झाला आहे, आणि पंचनामा होईपर्यंत तो वाटेच्या कडेला उकिडवा बसला आहे. त्याच वाटेने परवान्याचा शिक्का मारलेल्या सागाच्या ओंडक्यांनी लादलेल्या बैलगाड्या एकामागून एक कल्याण स्थानकाकडे चालल्या आहेत. पहिल्या गाडीचा गाडीवान त्याला ओळखतो. तो गाडीवान कोणाचा कोण होता, आणि त्याने मान वळविली की नाही, हे लिहिणाऱ्याला ठरवावे लागेल.